चौदा प्रश्नांची आहारपरीक्षा

कोणत्याहि गृहस्थास "आपल्या घरीं जेवण कसें असतें?" असें विचारलें असतां उत्तर तत्काळ मिळतें. "आमचें जेवण साधें. वरण-भात, भाजी-पोळी, शेवटीं ताकभात." परंतु हाच प्रश्न थोडा पुढें नेऊन "गेल्या महिन्यांत पालेभाजी किती वेळां झाली? उसळी आठवड्यांतून किती वेळां होतात? आपल्या एकट्याच्या पोटांत रोज तेल किती चमचे जातें?" असें विचारलें, तर गृहस्थ घुटमळतात आणि माजघराकडे पाहूं लागतात. माजघरांतून उत्तर येतें खरें, पण तें भांड्याचें येतें, माणसाचें येत नाहीं. महिन्याकांठीं डब्यांतून तेल किती संपलें हें गृहिणी सांगूं शकेल. त्यापैकीं सासऱ्यांच्या वांट्यास किती आलें, धाकट्या दिरांच्या किती आलें, आणि सर्वांच्या मागून बसणाऱ्या तिच्या स्वतःच्या पानांत किती पडलें, हें तीहि सांगूं शकणार नाहीं.

असल्या प्रश्नांच्या छापील याद्या आतां वैद्यकशास्त्रांत सर्वत्र रूढ झाल्या आहेत. उत्तरांस गुण द्यावयाचे, गुणांची बेरीज करावयाची, आणि त्या बेरजेवरून अमुक मनुष्य अमुक प्रदेशाचा हितकर आहार कितपत पाळतो हें ठरवावयाचें, अशी ही पद्धति आहे. "अमुक आहार पाळणारांस हृदयविकार कमी" असें जें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, त्याच्या मुळाशीं बहुधा अशीच एखादी यादी असते. तेव्हां त्या यादीवर विश्वास किती टाकावा, हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाहीं. ज्या ज्या घरांत वडील माणसांस पथ्य सांगितलें जातें त्या प्रत्येक घराचा तो आहे. या लेखांत आम्ही या विषयांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, म्हणजे भूमध्य समुद्राकांठच्या आहाराचें, वाचकांपुढें मांडणार आहों.

अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनीं १९५८ सालीं सात देशांतील पुरुषांची एक पाहणी आरंभिली. अमेरिका, फिनलंड, नेदरलंड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान हे ते सात देश. ४० ते ५९ वर्षें वयाचे १२,००० हून अधिक पुरुष तींत होते. ग्रीसच्या क्रीट बेटांतील लोकांत हृदयविकारानें मरणारांचें प्रमाण अत्यल्प, तर पूर्व फिनलंडांत तें फार मोठें, असें पुढील वर्षांत दिसून आलें. क्रीटच्या शेतकऱ्याचें जेवण म्हणजे पाव, भाज्या, कडधान्यें, फळें आणि ऑलिव्हचें तेल, मांस क्वचित्. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं त्या पाहणींत निवडक लोकांचें अन्न प्रत्यक्ष तोलून लिहिलें गेलें होतें. हें काम चोख, पण खर्चाचें आणि वेळखाऊ. हजारों लोकांच्या चुलीपाशीं तराजू घेऊन बसणें कोणास शक्य आहे? म्हणून तराजूच्या जागीं पुढें प्रश्न आले.

अथेन्सच्या आंतोनिया त्रिखोपुलू व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं ग्रीसमधील खेड्यांतल्या वृद्धांच्या आहारास गुण देण्याची एक रीत प्रसिद्ध केली. २००३ सालीं तीच सुधारून त्यांनीं २२,०४३ ग्रीक स्त्रीपुरुषांस लावली. बाबी नऊ, आणि प्रत्येकीस एक गुण. भाज्या, कडधान्यें, फळें, धान्यें, मासे हीं त्या समुदायाच्या मध्यापेक्षां अधिक खाल्लीं तर एकेक गुण मिळावयाचा; मांस आणि दूधदुभतें मध्यापेक्षां कमी खाल्लें तर गुण मिळावयाचा. दोन गुण अधिक असणारांत पाहणीच्या काळांतील मृत्यूचें प्रमाण सुमारें एक चतुर्थांशानें कमी आढळलें.

ज्यानें आयुष्य शाळेंत घालविलें आहे त्याच्या ध्यानांत येथें एक गोष्ट चटकन् येईल. वर्गाच्या मध्याच्या वर असणें आणि १०० पैकीं ३५ गुण मिळवून उत्तीर्ण होणें, या दोन भिन्न परीक्षा आहेत. मंद वर्गांत वरच्या अर्ध्यांत बसणारा मुलगा हुशार वर्गांत गेला तर खालीं पडेल. त्याच्या ज्ञानांत मात्र तिळमात्र फरक झालेला नसेल. त्याचप्रमाणें मध्यावरून गुण देणाऱ्या रीतींत तेंच ताट अथेन्समध्यें कमी गुणांचें आणि भाज्या कमी खाणाऱ्या एखाद्या उत्तरेकडील शहरांत अधिक गुणांचें ठरूं शकतें. हे गुण शेजाऱ्यांच्या तुलनेनें मिळालेले आहेत, हें विसरतां कामा नये.

स्पेनमधील संशोधकांनीं उत्तीर्णतेची रेषा आधींच आंखून दिली. २००३ सालीं तेथें 'प्रेडिमेड' या नांवाचा मोठा प्रयोग सुरू झाला. ५५ ते ८० वर्षें वयाचीं ७,४४७ माणसें त्यांत होतीं. २०१३ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढें कांहीं ठिकाणीं माणसांची वांटणी ठरल्याप्रमाणें झाली नव्हती असें आढळल्यावरून लेखकांनीं तो निबंध मागें घेतला, हिशेब पुन्हां केला आणि २०१८ सालीं सुधारून छापला. या प्रयोगांतील माणसें आहार कितपत पाळतात हें पाहण्यासाठीं चौदा प्रश्नांची एक यादी केली होती. तिचें स्वरूप असें: स्वयंपाकास मुख्यतः ऑलिव्हचें तेल वापरतां काय? तें दिवसास ४ मोठे चमचे तरी पोटांत जातें काय? भाज्या दिवसास २ वेळां व फळें ३ वेळां होतात काय? कडधान्यें, मासे आणि अक्रोड-बदामासारखा सुका मेवा हीं प्रत्येकीं आठवड्यास ३ वेळां तरी होतात काय? लाल मांस, लोणी आणि साखरेचीं पेयें हीं प्रत्येकीं दिवसास एकाहून कमी वेळां घेतां काय? बाजारची मिठाई आठवड्यास ३ हून कमी वेळां खातां काय? लाल मांसापेक्षां कोंबडीचें मांस पसंत करतां काय? द्राक्षांच्या मद्याचे आठवड्यास ७ पेले तरी होतात काय? आणि टोमॅटो, कांदा व लसूण ऑलिव्हच्या तेलांत मंद विस्तवावर शिजवून केलेला तिकडचा 'सोफ्रितो' आठवड्यांतून २ वेळां तरी जेवणांत असतो काय? प्रत्येक अनुकूल उत्तरास एक गुण. चार-पांच मिनिटांत काम संपतें. दवाखान्यांतील घाईंत हा गुण फार मोठा आहे.

आतां अशा यादीची परीक्षा कशी घ्यावी? शिक्षणशास्त्रांत प्रश्नपत्रिकेच्या अंगीं दोन गुण पाहतात: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. त्याच विद्यार्थ्यास तीच प्रश्नपत्रिका थोड्या दिवसांनीं पुन्हां दिली असतां गुण जवळजवळ तेच आले, तर ती विश्वसनीय. जें मोजावयाचें तेंच ती मोजीत असेल, तर ती सप्रमाण. हे दोन गुण एकत्र असतातच असें नाहीं. केवळ हस्ताक्षर पाहून गणिताचे गुण देणारा एखादा परीक्षक कल्पावा. तो त्याच मुलास दरवेळीं तेच गुण देईल. म्हणून विश्वसनीयता पूर्ण, आणि सप्रमाणता शून्य! आहाराच्या प्रश्नांतहि हेंच होऊं शकतें. मनुष्य दर वेळीं तेंच चुकीचें उत्तर देत असेल, तर यादी विश्वसनीय ठरेल. त्याचें जेवण मात्र तिला सांपडलेलें नसेल.

स्पेनच्या चौदा प्रश्नांची सप्रमाणता २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पाहिली गेली. प्रयोगांतील ७,१४६ माणसांस चौदा प्रश्न विचारले, आणि त्यांनाच १३७ पदार्थांची एक लांबलचक यादी देऊन कोणता पदार्थ किती वेळां खातां हेंहि विचारलें. दोहोंवरून निघालेले गुण ताडून पाहिले. सहसंबंधाचा अंक ०.५२ आला. पूर्ण संबंध असेल तर हा अंक १ येतो, मुळींच नसेल तर ०. म्हणजे हा निकाल मधला. तथापि या अंकावर समाधान मानून चालत नाहीं. एखादें घड्याळ सदैव दहा मिनिटें पुढें असेल, तर खऱ्या वेळेशीं त्याचा सहसंबंध पूर्ण १ येईल, आणि तरीहि त्यावर विसंबणाऱ्याचा घोटाळा होईलच. म्हणून मार्टिन ब्लंड व डग्लस ऑल्टमन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं असें सुचविलें, कीं दोन मापांचा केवळ सहसंबंध न पाहतां प्रत्येक माणसाच्या बाबतींत त्यांत अंतर किती पडतें तें पाहावें.

तसें पाहिलें तेव्हां काय दिसलें? सरासरीनें चौदा प्रश्नांचे गुण लांब यादीच्या गुणांच्या १०५ टक्के भरले. म्हणजे समुदायाच्या हिशेबांत फरक किरकोळ. परंतु एकेका माणसाच्या बाबतींत हें प्रमाण ५७ टक्क्यांपासून १५३ टक्क्यांपर्यंत हेलकावे खात होतें. साध्या भाषेंत सांगावयाचें तर ज्यास लांब यादीनें ८ गुण दिले, त्यास लहान यादीनें साडेचार दिले असते किंवा बाराहि दिले असते. साडेचार गुणांच्या मनुष्यास वैद्य रागें भरतील, बारा गुणांच्या मनुष्याची पाठ थोपटतील; आणि मनुष्य व त्याचें ताट हीं एकच! तात्पर्य, गांवाची गोष्ट या यादीस बऱ्यापैकीं कळते, गांवकऱ्याची कळत नाहीं.

याहूनहि खोल एक अडचण आहे. लहान यादी लांब यादीशीं ताडून पाहिली. पण लांब यादी तरी काय आहे? तीहि त्याच माणसाच्या स्मरणाची. एका साक्षीदाराची साक्ष खरी कीं खोटी हें ठरविण्यास त्याच साक्षीदाराची दुसरी साक्ष काढावी, तसा हा प्रकार झाला. जो मिठाई सांगण्यास संकोचतो तो दोन्ही ठिकाणीं संकोचेल, आणि दोन्ही उत्तरें जुळल्यामुळें आपणांस मात्र वाटेल कीं सत्य सांपडलें.

म्हणून माणसाच्या तोंडावर न विसंबतां त्याच्या शरीरास विचारण्याचे उपाय निघाले आहेत. त्यांतील एक मोठा चतुराईचा आहे. जड हायड्रोजन व जड ऑक्सिजन असलेलें पाणी मनुष्यास पाजतात. हायड्रोजन शरीरांतून केवळ पाण्यावाटें बाहेर पडतो. ऑक्सिजन पाण्यावाटें व श्वासांतील कर्बद्विप्राणिलावाटें, असा दोहों मार्गांनीं पडतो. कांहीं दिवस लघवी तपासून दोहोंच्या वेगांतील अंतर काढलें, कीं शरीरानें किती ऊर्जा खर्चिली हें कळतें. आणि वजन स्थिर असेल तर जितका खर्च तितकेंच अन्न पोटांत गेलें असलें पाहिजे. अमेरिकेंत ४८४ स्त्रीपुरुषांवर केलेल्या अशा पाहणीचा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. लांब प्रश्नावलींत पुरुषांनीं आपली ऊर्जा ३१ ते ३६ टक्क्यांनीं आणि स्त्रियांनीं ३४ ते ३८ टक्क्यांनीं कमी सांगितली होती. मागील चोवीस तासांत काय खाल्लें एवढेंच विचारलें असतां तूट कमी पडली. पुरुषांची १२ ते १४ आणि स्त्रियांची १६ ते २० टक्के. स्पेनच्या प्रयोगांतहि कांहीं लोकांच्या लघवींत ऑलिव्हच्या तेलांतून येणारें एक द्रव्य, आणि रक्तांत अक्रोडांतून येणारें एक आम्ल तपासून पाहिलें होतें. परंतु अशी खूण प्रत्येक पदार्थाची मिळत नाहीं. 'सोफ्रितो' आठवड्यांतून दोनदां झाला कीं एकदां, हें रक्त सांगत नाहीं.

मग लोक खोटें बोलतात काय? आमच्या मतें बहुतेक बोलत नाहींत. जेवण ही मोजून करावयाची गोष्ट नव्हे. ती संवयीनें होते, आणि संवयीचें स्मरण राहत नाहीं. पाहुणे आले त्या दिवशींची श्रीखंड-पुरी आठवते, रोजची आमटी आठवत नाहीं. शिवाय जें चांगलें म्हणून ऐकलें तें थोडें अधिक सांगावें आणि जें वाईट म्हणून ऐकलें तें थोडें कमी सांगावें, हा मनुष्यस्वभाव आहे. मापाचीहि गोष्ट तशीच. एका घरची वाटी दुसऱ्या घरच्या वाटीएवढी नसते, आणि एकाच घरांत दोन जावांचा वाढण्याचा हात सारखा नसतो.

कालाचा विचार तर फारच महत्त्वाचा आहे. ग्रीक ख्रिस्ती धर्माचे कडक उपवास पाळणारांस वर्षांत १८० ते २०० दिवस मांस, अंडीं व दूधदुभतें वर्ज्य असतें. क्रीटच्या आहाराची कीर्ति जगभर झाली तेव्हां या उपवासांस हिशेबांत योग्य स्थान मिळालें नाहीं, असा आक्षेप २००५ सालीं ग्रीक अभ्यासकांनींच घेतला. उपवासाच्या चाळिसांत विचारलेला प्रश्न आणि ईस्टरनंतर विचारलेला प्रश्न यांस एकच उत्तर कसें येईल? चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. जेथें आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण व वांगें घरांत येत नाहीं, तेथें "वर्षाची सरासरी काय?" या प्रश्नाचें जें उत्तर येईल तें वर्षांतील कोणत्याच महिन्याचें चित्र नसेल.

आपल्या न्यायशास्त्री पंडितांचा स्थालीपुलाकन्याय वाचकांस ठाऊक आहेच. भांड्यांतील एक शीत चेपून पाहिलें कीं सर्व भात शिजला किंवा नाहीं हें कळतें. कारण उघड आहे: एका भांड्यांतील सर्व तांदुळांस सारखाच विस्तव लागलेला असतो. मनुष्याचे दिवस मात्र असे एका भांड्यांत शिजत नाहींत. एकादशीचा दिवस, लग्नघरचा दिवस, परीक्षेच्या धांदलीचा दिवस, हीं निरनिराळीं शितें आहेत. त्यांतील एक चेपून सर्वांचें अनुमान करणें फसवें होय.

या विचाराचा एक धागा सातारा जिल्ह्यांतील बुध गांवापासून भूमध्य समुद्राच्या कांठापर्यंत गेला आहे. त्या गांवीं १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९५१ पासून सुमारें वीस वर्षें रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचें प्रमुखपद भूषविलें, आणि नंतर ते पुण्यास येऊन राहिले. एकाच निरोगी मनुष्याचें अन्न दिवसेंदिवस व आठवड्यागणिक बरेंच कमीजास्त होत असतें; म्हणून एखाद्या पाहणींत तो सरासरीच्या खालीं दिसला एवढ्यावरून त्यास भुकेला म्हणूं नये, असें त्यांचें प्रतिपादन होतें. वि. म. दांडेकरांनीं त्यास कसून विरोध केला, कारण या युक्तिवादानें खऱ्या भुकेल्यांची संख्या कमी दाखविली जाईल असें त्यांस वाटे. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु अन्नाच्या मोजणींतील एका अंकावर भुकेल्याची भाकर अवलंबून असूं शकते, इतकें त्या वादानें दाखवून दिलें.

येथपर्यंत वाचून प्रश्नावली निरुपयोगी आहेत असें कोणी समजेल, तर तोहि अन्याय होईल. हजारों माणसांची पाहणी करावयाची असतां एकाची कमी व दुसऱ्याची अधिक अशा चुका बऱ्याच अंशीं एकमेकींस खोडतात आणि समुदायाची दिशा कळते. किंबहुना अशा अंदाधुंद चुकांनीं खरा संबंध बहुधा फिकट दिसतो. म्हणून ओबडधोबड यादीनेंहि आहार व आरोग्य यांचा संबंध दिसत असेल, तर तो मुळांत अधिक ठळक असण्याचा संभव आहे. आणि संबंध न दिसला, तर आहार निष्फळ कीं माप बोथट, हें आधीं तपासलें पाहिजे. यादीचें खरें काम हें आहे. एकट्या मनुष्यास पास-नापास करणें हें तिचें काम नव्हे.

आणि ती यादी परमुलखांत नेली म्हणजे तर निराळीच गंमत होते. स्पेनचे चौदा प्रश्न आपल्याकडील एखाद्या शाकाहारी आजोबांस विचारून पाहावे. ऑलिव्हच्या तेलाचे दोन प्रश्न गेले, कारण घरांत शेंगदाण्याचें तेल. मासे गेले. 'सोफ्रितो' गेला. मद्याचे सात पेले होतात काय, हा प्रश्न आजोबांस विचारण्याचें धैर्य सूनबाईस होणार नाहीं. तोहि गुण गेला. म्हणजे १४ पैकीं ५ आरंभींच बुडाले. कोंबडी अधिक पसंत कीं लाल मांस, यास उत्तरच नाहीं. आणि पोळीवरचें साजुक तूप लोण्याच्या प्रश्नांत धरावें कीं न धरावें, याचा निर्णय यादी देत नाहीं. आजोबा रोज दोन भाज्या, उसळ, फळें आणि मूठभर शेंगदाणे खात असले तरी निकाल मध्यमच लागावयाचा. या निकालाचा अर्थ एवढाच, कीं त्यांचें जेवण स्पेनचें नाहीं. तें वाईट आहे असें त्यांतून मुळींच सिद्ध होत नाहीं. मद्याच्या गुणाविषयीं तर आतां तज्ज्ञांचें मतहि पालटलें आहे. मद्याचें कोणतेंच प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. जुन्या यादींतील गुण मात्र कागदावर तसाच आहे.

चरकाचार्यांनीं विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत आहाराचा विचार आठ अंगांनीं करावा असें सांगितलें आहे: पदार्थाची प्रकृति, त्यावरील संस्कार म्हणजे करण, संयोग, राशि, देश, काल, जेवण्याचे नियम म्हणजे उपयोगसंस्था, आणि स्वतः जेवणारा. त्यांतहि राशीचे दोन भेद आहेत: एकंदर अन्नाचें प्रमाण आणि एकेका पदार्थाचें प्रमाण. चौदा प्रश्न या कसोटीस लावले, तर ते प्रकृति आणि एकेका पदार्थाची राशि विचारतात, एका 'सोफ्रितो'पुरतें करण विचारतात, आणि येथें थांबतात. एकंदर किती खाल्लें, केव्हां, कोणाबरोबर, भूक लागल्यावर कीं घड्याळ पाहून, यांविषयीं ते मुके आहेत. गंमत अशी, कीं युनेस्कोनें २०१० सालीं स्पेन, ग्रीस, इटली व मोरोक्को यांच्या या आहारास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, तें एकत्र बसून जेवण्याची रीत, शेती-मासेमारीचीं कौशल्यें आणि सणवार यांसह दिलें. नेमका तोच भाग प्रश्नावलींत उतरत नाहीं.

यास्तव आमच्या वाचकांस व्यवहाराच्या चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अशी यादी कोणी हातीं दिली, तर ती कोणत्या लोकांकरितां रचली होती हें विचारावें. ती कशाशीं ताडून पाहिली, दुसऱ्या यादीशीं, तराजूशीं कीं रक्त-लघवीच्या तपासणीशीं, हें विचारावें. आणि तिच्या एका अंकावरून वडील माणसांचें जन्माचें जेवण मोडूं नये. याहून अधिक उपयोगाचें काम घरांतच करतां येण्यासारखें आहे. प्रत्येक ऋतूंत चार दिवस निवडावे. त्यांत एक उपवासाचा आणि एक सुट्टीचा असावा. त्या दिवशीं घरांतील ज्या माणसास पथ्य सांगितलें आहे, त्याच्या पानांत काय वाढलें व काय उरलें, तें स्वयंपाकघरांतील लहान काट्यावर तोलून वहींत लिहावें. तेल मात्र डब्यावरच तारीख घालून मोजावें. हें लिहिण्याचें काम वाढणारीवरच टाकूं नये. घरांतील शाळकरी मुलांकडे द्यावें, म्हणजे त्यांचें गणितहि पक्कें होईल. आणि तिच्या स्वतःच्या पानाचीहि नोंद त्या वहींत अवश्य असावी, कारण बहुतेक घरांत तेवढ्या एका पानाचा हिशेब आजवर कोणी ठेवलेला नाहीं.

अशी वर्षभराची वही घेऊन वैद्यांकडे गेल्यास त्यांस चौदा प्रश्नांच्या बेरजेहून पुष्कळ अधिक कळेल. कोंकणांतील भात-कुळथाचा, देशावरील ज्वारीच्या भाकरीचा, वऱ्हाडांतील ज्वारी-तुरीचा आहार मोजणारी यादी पुढेंमागें कोणी शास्त्रशुद्ध रीतीनें रचूं लागला, तर स्पेनच्या यादीच्या भाषांतरापेक्षां अशा घरोघरच्या वह्याच त्याच्या उपयोगी पडतील.